गृहप्रसूती आणि सुईण (महाराष्ट्र)

गृहप्रसूती म्हणजे रुग्णालयात दाखल न होता राहत्या घरी होणारे बाळंतपण. महाराष्ट्रात असे बाळंतपण करणाऱ्या अनुभवी स्त्रीला सुईण किंवा दाई म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत राज्याच्या ग्रामीण भागातील बहुतेक जन्म सुईणीच्या हातून होत असत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील ९४.७ टक्के जन्म आरोग्यसंस्थांत झाल्याचे नोंदवले गेले. भारतात घरी बाळंत होण्यास मनाई करणारा केंद्रीय कायदा नाही. तथापि प्रशिक्षित प्रसविकेच्या देखरेखीखाली घरी बाळंत होण्याची सोय सार्वजनिक आरोग्यसेवेत उपलब्ध नाही. त्यामुळे बाळंतपणाची जागा व सोबत निवडण्याचा स्त्रीचा अधिकार हा आरोग्य, कायदा आणि स्त्रीहक्क या तिन्ही क्षेत्रांत चर्चेचा विषय आहे.

संज्ञा

‘सुईण’ हा शब्द संस्कृत ‘सूति’ (प्रसव) या शब्दाशी संबंधित मानला जातो. ‘दाई’ हा फारसीतून आलेला शब्द असून सरकारी योजनांत तोच अधिक रूढ आहे. परिचर्या अभ्यासक्रम पूर्ण करून नोंदणी झालेल्या स्त्रीस ‘प्रसविका’ म्हणतात. ग्रामीण उपकेंद्रातील ए.एन.एम. म्हणजे साहाय्यकारी परिचारिका-प्रसविका होय. सुईण अनुभवातून व सासू, आई किंवा आत्या यांच्या हाताखाली शिकते, तर प्रसविका संस्थेत शिकते. इंग्रजीत दोघींनाही बरेचदा ‘मिडवाइफ’ म्हटले जात असल्याने परदेशांतील आकडेवारी महाराष्ट्रातील सुईणीला लागू करताना गोंधळ होतो.

पारंपरिक पद्धती

चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराचे, तसेच प्रसूतीच्या वेळी जवळ असाव्या लागणाऱ्या अनुभवी स्त्रियांचे वर्णन आहे. महाराष्ट्रातील लोकव्यवहारात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल आहे. घरातील एखादी अंधारी, निवाऱ्याची खोली बाळंतिणीसाठी राखली जाई. सुईण कळांच्या वेळी तेल लावून अंग चोळणे, उकिडवे किंवा दोरीला धरून बसण्यास आधार देणे, नाळ कापणे, वार पडली की नाही ते पाहणे ही कामे करी. पुढील दिवसांत बाळंतिणीला व बाळाला न्हाऊ-माखू घालणे, शेकशेगडी, ओव्याची धुरी यांतही तिचा वाटा असे. पाचवीला सटवाईची पूजा होई. डिंकाचे व अळिवाचे लाडू, बाळंतशेपा हा आहार अद्याप प्रचलित आहे.

अनेक गावांत सुईणीचे काम मातंग, महार व न्हावी समाजांतील स्त्रियांकडे असे. रक्त, नाळ आणि वार यांचा संपर्क विटाळाचा मानला जात असल्याने ज्या हातांनी मूल जन्माला येई, त्याच हातांना इतर वेळी घरात शिवू दिले जात नसे. मोबदला धान्य, नारळ, लुगडे-चोळी अशा स्वरूपात मिळे. मुलगा झाल्यास तो अधिक आणि मुलगी झाल्यास कमी देण्याची प्रथाही होती.

या व्यवस्थेत बाळंतिणीला ओळखीच्या स्त्रियांची सोबत मिळे. मात्र बाळंतपण कोठे व्हावे, वैद्य किंवा डॉक्टर केव्हा बोलवावा याचा निर्णय सहसा सासर-माहेरची वडीलधारी मंडळी घेत; खुद्द बाळंतिणीचे मत त्यात क्वचितच विचारले जाई.

इतिहास

एकोणिसावे शतक

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. गर्भवती राहिलेल्या विधवांना स्वतःच्या घरी बाळंत होणे अशक्य होते. लोकलज्जेपायी भ्रूणहत्या, बालहत्या आणि आत्महत्या घडत. अशा स्त्रियांना गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत होता यावे यासाठी हे गृह होते. तेथे जन्मलेल्या एका मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतले. हा मुलगा, यशवंत, पुढे डॉक्टर झाला.

आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांचे पहिले मूल त्या चौदा वर्षांच्या असताना जन्मले आणि दहा दिवसांत दगावले. स्त्रियांना वैद्यकीय उपचार मिळत नाहीत, या अनुभवातून त्यांनी वैद्यकशिक्षणाचा ध्यास घेतला. १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्यांनी एम.डी. पदवी मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र हा होता.

डफरिन निधी (१८८५) आणि स्त्री-डॉक्टरांनी चालवलेले मुंबईचे कामा रुग्णालय (१८८६) यांमुळे पडदा किंवा संकोच पाळणाऱ्या स्त्रियांना स्त्रियांकडूनच उपचार मिळू लागले. लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने १९०३ मध्ये दाईंच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मृती शिष्यवृत्ती निधी उभारला गेला.

विसावे शतक

पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदनाचे काम सुरू झाले. त्यातून मध्यमवर्गीय स्त्रिया, विशेषतः विधवा, परिचारिकेच्या व्यवसायाकडे वळल्या. पुण्याचे के.ई.एम. रुग्णालय (१९१२) आरंभी प्रसूतिगृह म्हणूनच स्थापन झाले. मुंबईत परळच्या गिरणगावात १९२६ मध्ये नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडले. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई प्रसूती लाभ कायदा झाला. कामगार स्त्रीला बाळंतपणाची रजा व भत्ता देणारा हा देशातील पहिला कायदा होय.

१९४६ च्या भोर समितीने प्रशिक्षित प्रसविका पुरेशा संख्येने उपलब्ध होईपर्यंत दाईंनाच प्रशिक्षण द्यावे, असे सुचवले होते. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९७७ पासूनच्या ग्रामीण आरोग्य योजनेत, दाई प्रशिक्षण देशभर राबवले गेले. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि नाळेचे स्वच्छ टोक ही ‘पाच स्वच्छतांची’ शिकवण त्यात होती. गर्भवतींना धनुर्वाताची लस आणि ही स्वच्छता यांमुळे नवजात धनुर्वाताचे प्रमाण घटले. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले.

महाराष्ट्रातील ग्रामीण प्रयोग

जामखेड: डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातील अल्पशिक्षित, पुष्कळदा दलित समाजातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. त्या गर्भवतींची तपासणी करीत, साधी बाळंतपणे घरी करीत आणि धोक्याची लक्षणे दिसताच स्त्रीला रुग्णालयात पाठवीत.

वढू: के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात चाकणच्या पूर्वेस, शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. गावपातळीवरील सेविका आणि त्यांच्या पाठीशी असलेले रुग्णालय हे या कामाचे सूत्र होते.

गडचिरोली: डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. त्या वेळी तेथील बहुतेक सर्व बाळंतपणे घरीच होत. गावातील प्रशिक्षित आरोग्यदूत बाळंतपणाला सुईणीसोबत हजर राहत. या प्रयोगामुळे तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारण्यात आली.

नंदुरबार: दाईंच्या पारंपरिक ज्ञानाचा अभ्यास करणाऱ्या ‘जीवा’ प्रकल्पाने देशातील ज्या चार दुर्गम भागांची निवड केली, त्यांत नंदुरबार जिल्ह्याचा समावेश होता.

संस्थात्मक प्रसूतीकडे वाटचाल

एप्रिल २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना सुरू झाली. रुग्णालयात बाळंत होणाऱ्या गरीब स्त्रीला रोख साहाय्य आणि तिला तेथे नेणाऱ्या आशा कार्यकर्तीस मोबदला, असे तिचे स्वरूप आहे. दारिद्र्यरेषेखालील स्त्रीस घरी बाळंत झाल्यासही ५०० रुपये देण्याची तरतूद योजनेत होती. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील प्रसूती, औषधे, आहार व वाहतूक मोफत केली. आदिवासी भागांत प्रसूतीच्या तारखेआधी काही दिवस आरोग्यकेंद्राजवळ मुक्काम करता यावा म्हणून ‘माहेरघर’ योजना राबवण्यात आली.

महाराष्ट्रातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ६५ टक्के होते; २०१५-१६ मध्ये ते ९०.३ टक्के झाले. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० या काळात राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. संपूर्ण देशाचे ते ९७ होते. या घटीला रुग्णालयांबरोबरच लसीकरण, रक्तपुरवठा, रस्ते, शिक्षण आणि उशिरा होणारे विवाह यांचाही हातभार लागला.

याच काळात शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूती वाढल्या. २०१९-२१ मध्ये राज्यातील २५.४ टक्के जन्म सिझेरियन पद्धतीने झाले. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १० ते १५ टक्क्यांहून अधिक प्रमाणाचे समर्थन करता येत नाही, असे म्हटले होते. दुसरीकडे, दाई प्रशिक्षण मागे पडले आणि सुईणींची पुढची पिढी तयार झाली नाही.

सुरक्षितता

बहुतांश बाळंतपणे नैसर्गिकरीत्या पार पडतात. तथापि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, झटके, अडलेले बाळंतपण आणि बाळाचा श्वास सुरू न होणे या अडचणी पूर्वसूचना नसतानाही उद्भवतात. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील ७७२ स्त्रियांची पाहणी केली. घरी बाळंत होणाऱ्या सुमारे १५ टक्के स्त्रियांना तातडीच्या प्रसूतिसेवेची गरज भासू शकते, असा तिचा निष्कर्ष होता.

इंग्लंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेला ‘बर्थप्लेस’ अभ्यास सुमारे ६४,५०० कमी जोखमीच्या स्त्रियांवर आधारित होता. आधी मूल झालेल्या स्त्रियांच्या बाबतीत घर व रुग्णालय यांत बाळाच्या धोक्यात लक्षणीय फरक आढळला नाही. पहिलटकरणींच्या बाबतीत मात्र गंभीर दुष्परिणाम रुग्णालयात हजारी ५.३, तर घरी हजारी ९.३ होते; घरी प्रसूतीचे नियोजन केलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे ४५ टक्के स्त्रियांना रुग्णालयात हलवावे लागले. तेथील प्रसविका शिक्षित, नोंदणीकृत व रुग्णालयाशी जोडलेली असते. ही साखळी नसलेल्या ठिकाणी हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

कायदेशीर स्थिती

सर्वोच्च न्यायालयाने सुचिता श्रीवास्तव खटल्यात (२००९) स्त्रीचा प्रजननविषयक निवडीचा अधिकार हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे म्हटले. समीरा कोहली खटल्यात (२००८) उपचारापूर्वी रुग्णाची माहितीपूर्ण संमती आवश्यक ठरवण्यात आली. दिल्ली उच्च न्यायालयाने लक्ष्मी मंडल प्रकरणात (२०१०) गरीब मातांना प्रसूतिसेवा मिळणे हा त्यांचा हक्क असल्याचे सांगितले. यांपैकी कोणताही निवाडा थेट गृहप्रसूतीच्या निवडीवर नाही.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तर्नोव्स्की विरुद्ध हंगेरी (२०१०) या खटल्यात प्रसूतीची परिस्थिती निवडणे हा खासगी जीवनाचा भाग मानला. दुब्स्का व क्रेझोवा विरुद्ध चेक प्रजासत्ताक (२०१६) या खटल्यात मात्र घरी येणाऱ्या प्रसविकांवर निर्बंध घालण्याचा राज्यसंस्थेचा अधिकार मान्य केला.

महाराष्ट्रात प्रसविकांची नोंदणी महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ खाली होत आली आहे. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग अधिनियम संमत केला. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत १८ महिने विशेष प्रशिक्षण घेतलेल्या प्रसविकांची तरतूद आहे. परंतु त्यांचे कार्यस्थळ रुग्णालयातील प्रसविका-संचालित कक्ष हे आहे. २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतीच्या वेळी सोबतीण असणे व बाळंतिणीला सोयीची स्थिती निवडू देणे यांचा समावेश आहे.

घरी झालेल्या जन्माची नोंद जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार कुटुंबप्रमुखाने २१ दिवसांच्या आत करावयाची असते. जन्माच्या वेळी हजर असलेल्या सुईणीवरही निबंधकास खबर देण्याची जबाबदारी आहे.

चाकण–पिंपरी-चिंचवड परिसर

चाकण हे पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील शहर असून कांद्याची बाजारपेठ, संग्रामदुर्ग किल्ला आणि वाहनउद्योग यांसाठी प्रसिद्ध आहे. औद्योगिक वसाहतीमुळे महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांत मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश व बिहार येथील कामगार कुटुंबे स्थायिक झाली आहेत. चाकण येथे ग्रामीण रुग्णालय आहे. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे.

या पट्ट्यात बाळंतपणाच्या निवडीचे प्रश्न एकत्र दिसतात. एका खोलीत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबात बाळंतपणासाठी आडोसा, पाणी आणि अनुभवी स्त्रीची सोबत या तिन्ही गोष्टी दुर्मीळ असतात. माहेर दूर असल्याने जुनी ओळखीची सुईणही जवळ नसते. कंत्राटी कामावरील स्त्रीला कायद्याने ठरवलेली २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळवणे कठीण जाते. पुणे–नाशिक महामार्ग व तळेगाव–चाकण रस्ता यांवरील वाहतूककोंडी तातडीच्या वेळी कळीची ठरते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. परंतु घरी प्रसूतीचे नियोजन करायचे झाल्यास रुग्णालयापर्यंतचे अंतर किलोमीटरपेक्षा मिनिटांत मोजावे लागते. त्याच तालुक्याच्या पश्चिमेस, भीमाशंकरकडील डोंगराळ आदिवासी वाड्यांत, पावसाळ्यात हाच प्रश्न रस्त्याअभावी उभा राहतो.

मतमतांतरे

घरच्या बाळंतपणाचे समर्थक ओळखीची जागा, अनावश्यक शस्त्रक्रियेपासून बचाव, स्वतःच्या शरीराविषयीचा निर्णय आणि प्रसूतिकक्षातील अवमानकारक वागणुकीपासून सुटका हे मुद्दे मांडतात. अनेक प्रसूतितज्ज्ञ रक्तपेढी, भूलतज्ज्ञ व जलद वाहतूक नसताना घरी बाळंत होण्यास विरोध करतात. सार्वजनिक आरोग्य चळवळीतील काही अभ्यासक तिसरा मुद्दा पुढे आणतात: पूर्वी रुग्णालय नसल्यामुळे स्त्रिया घरी बाळंत होत, आता घरी येणारी प्रशिक्षित प्रसविका नसल्यामुळे त्या रुग्णालयात जातात, दोन्ही काळांत पर्याय एकच राहिला. त्यांच्या मते निवडीच्या अधिकाराला अर्थ येण्यासाठी गर्भारपणातील तपासणी, शिक्षित प्रसविका, अडचणीत विनाविलंब दाखल करून घेणारे रुग्णालय आणि स्त्रीला तिच्या भाषेत दिलेली खरी माहिती या चारही गोष्टी एकत्र असाव्या लागतात.

हेही पाहा

आनंदीबाई जोशी
सावित्रीबाई फुले
रमाबाई रानडे
बानू कोयाजी
राणी बंग
जननी सुरक्षा योजना
आशा कार्यकर्ती
चाकण