ओपन ते क्लोज

मटका वाढला मुंबईत, पण त्याचं वेळापत्रक न्यूयॉर्कचं होतं. तिथल्या कापूसबाजाराचा उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत यायचा आणि त्या भावातल्या आकड्यांवर इथे पैसे लागायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द त्या बाजारातले. १९६१ मध्ये न्यूयॉर्कची ही सोय बंद झाली. ज्याच्यावर पैज लावायची तो भावच येईनासा झाल्यावर खेळही आटपायला हवा होता. झालं उलटंच. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत स्वतःचा मटका सुरू केला, दोन वर्षांनी रतन खत्री यांनी आपला वेगळा काढला, आणि कापसाशिवायच हा धंदा पूर्वीच्या कितीतरी पट फोफावला. सुरुवातीला मडक्यातून चिठ्ठी काढत, पुढे पत्ते आले: एक्क्यापासून दश्शीपर्यंतचे तीन पत्ते ओढायचे, बेरीज करायची, बेरजेतला शेवटचा अंक म्हणजे आकडा. म्हणजे लावणाऱ्याला कापसाचं कधीच काही पडलेलं नव्हतं. त्याला हवी होती ती ओपन आणि क्लोज यांच्या मधली वाट पाहण्याची वेळ. जुगाराचं व्यसन ओळखायचं तर माणसाच्या चारित्र्याइतकंच खेळाच्या या घडणीकडेही पाहावं लागतं, असं मला वाटतं.

ही घडण सोपी होती, आणि म्हणूनच जबरदस्त. आकडे दहा, आणि लागला तर साधारण नऊपट. म्हणजे रुपयामागे दहा पैसे धंदेवाल्याचे ठरलेलेच. पण हा हिशेब कुणाला दिसत नसे, कारण डाव किरकोळ पैशांत लावता येई आणि निकाल रोज लागे. मुंबईच्या गिरणगावात चाळीच्या, पानपट्टीच्या आसपास आकडा लिहून घेणारा असायचाच. ओपन लागला आणि क्लोज एका अंकाने चुकला, की लावणाऱ्याला आपण हरलो असं वाटतच नाही; 'थोडक्यात गेला' असं वाटतं. ही हुलकावणीही माणसाला पुढच्या डावाकडे ओढते, हे मानसशास्त्राने नंतर दाखवून दिलं. जुन्या आकड्यांचे चार्ट जपून त्यांत उद्याची जोडी, म्हणजे ओपन आणि क्लोजचे दोन अंक, शोधणारे लोक अडाणी होते म्हणून तसं करत नव्हते. पत्त्यांना कालचं काही आठवत नाही, हे मान्य करणं शिकलेल्यांनाही जड जातं. शेअरबाजारात काय चालतं ते पाहावं.

आता, ही ओढ आपल्याकडे कुणाला ठाऊकच नव्हती असं नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात जुगारी स्वतःच सांगतो की सासू द्वेष करते, बायको दुरावली, कर्ज झालं. आता जायचं नाही असं ठरवतो आणि फाशांचा आवाज कानी पडताच पुन्हा तिकडे वळतो. ठरवूनही न थांबता येणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, घरच्यांपासून लपवणं, गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी आणखी लावणं: डॉक्टर आज जी लक्षणं विचारतात, त्यांतली बरीचशी तिथे आहेत. पण राज्यसत्तेने पाहिला तो एकतर गुन्हा, नाहीतर महसूल. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमून जिंकलेल्या रकमेचा पाच टक्के वाटा सरकारजमा केला. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या कायद्याने अड्डा आणि अड्ड्यात सापडलेला माणूस दोघांनाही शिक्षा ठेवली. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापार मानता येणारच नाही, असं म्हणताना त्याच अक्षसूक्ताचा आधार घेतला, आणि पुढे बाराच वर्षांनी, १९६९ मध्ये, महाराष्ट्र सरकारने स्वतःची लॉटरी काढली. वैद्यकाला जाग यायलाही वेळच लागला. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत हा विकार आला १९८० मध्ये, तोही आवेग न आवरण्याचा दोष म्हणून. दारू आणि मादक पदार्थांच्या पंगतीत, म्हणजे व्यसन म्हणून, त्याला जागा मिळाली २०१३ मध्ये.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की आकडा लाखोंनी लावला, बुडाले थोडे. तेव्हा दोष खेळाचा नाही, बुडणाऱ्याच्या दुबळेपणाचा. दारूबद्दलही हेच म्हणता येईल, तरी यकृत सुजलेल्या माणसाला आपण दवाखान्यातच नेतो. शिवाय १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्या बसल्या, पुढे पोलिसांनी अड्डे मोडले, तसा मटकाही ओसरला. गिरणगावच्या माणसांचा स्वभाव त्या काही वर्षांत सुधारला असं कुणी म्हणणार नाही. रोख पगार आणि कोपऱ्यावरचा आकडेवाला ही जोडी फुटली, एवढंच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आजार म्हटलं की जुगाऱ्याला सबब मिळते. पण उपचार पाहिले तर ते सबब देणारे नाहीत. १९५७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या 'गॅम्ब्लर्स ॲनॉनिमस'च्या सभेत माणसाला चारचौघांत कबुली द्यावी लागते. समुपदेशक त्याच्याकडून डावाच्या शक्यतांचा खरा हिशेब करून घेतो, कोणत्या वेळी आणि कुठल्या रस्त्याने गेल्यावर हात शिवशिवतात ते लिहायला लावतो. पगार काही काळ घरच्यांच्या हाती जातो, आणि कर्ज घरच्यांनी गुपचूप न फेडता त्यानेच हप्त्याने फेडायचं असतं. हमखास गुण देणारी गोळी नाही. सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर त्यावर वेगळे उपचार लागतात. पोलीस कोठडीतली रात्र यापेक्षा पुष्कळ सोपी.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. बंदीला माझा विरोध नाही, गिरणगावचा दाखला तिच्याच बाजूचा आहे. पण आकडेवाला आता खिशात आला आहे, ओपन आणि क्लोजमधलं अंतर काही सेकंदांवर आलं आहे, आणि ॲप बंद झालं तरी खेळणारा घरीच असतो. घरात असं कुणी असेल तर आधी त्याचं कर्ज फेडायला धावू नका. केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे बोला.