आठवा प्रश्न

तुम्हाला तुमचा वंश पहिल्यांदा कधी कळला? प्रश्न विचित्र वाटेल, कारण आपल्याकडे तो कुणी विचारत नाही. (जात कधी कळली असं विचारलं, तर काही जण तारीखवार सांगतात आणि काही जण ‘आम्हाला कधी कळलीच नाही’ म्हणतात. हे दुसरं उत्तरही बरंच काही सांगून जातं. पण तो विषय वेगळा, त्याची इथे सरमिसळ नको.) अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखकांनी मात्र या प्रश्नाची उत्तरं लिहून ठेवली आहेत, आणि गंमत म्हणजे त्यांत बहुतेक वेळा एक ठरावीक दिवस असतो.

डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांचा दिवस मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या शाळेतला. मुलांनी छान छान भेटकार्डं विकत आणून एकमेकांना द्यायचा खेळ काढला होता. शाळेत नवीन आलेल्या एका उंच मुलीने यांचं कार्ड घ्यायला नकार दिला. बस, एवढंच. ही आठवण १९०३ साली त्यांच्या पुस्तकात आली तेव्हा ते पस्तिशीचे होते. झोरा नील हर्स्टन यांचं बालपण फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या केवळ कृष्णवर्णीयांच्या गावात गेलं. तेराव्या वर्षी त्यांना जॅक्सनव्हिलला शाळेसाठी धाडलं आणि बोटीतून उतरता उतरता त्या ‘काळी मुलगी’ झाल्या, असं त्यांनी १९२८ च्या एका निबंधात सांगितलंय.

या आठवणी खऱ्या आहेत याबद्दल मला शंका नाही. पण मी मूळची प्राणिशास्त्राची, विज्ञानाच्या इतिहासाकडे नंतर आले, त्यामुळे एक गोष्ट टोचत राहते. साधारण तीन वर्षांच्या आतलं मोठेपणी आपल्याला जवळजवळ काही आठवत नाही. मग जो ‘पहिला दिवस’ आठवतो, तो खरंच पहिला होता कशावरून? हे तपासायचं तर मोठ्यांना विचारून उपयोग नाही. लहान मुलांनाच विचारायला हवं.

ते विचारलं मेमी फिप्स क्लार्क यांनी. जन्म १९१७, गाव आर्कान्सामधलं हॉट स्प्रिंग्ज, वडील डॉक्टर. घरी सुबत्ता होती, तरी वेगळी शाळा, वेगळी दुकानं हे सगळं होतंच. लहानपणी अंगावर सतत एक चिलखत घालून वावरावं लागायचं, अशा अर्थाचं त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलंय. हॉवर्ड विद्यापीठात एम.ए. करताना त्यांनी विषयच हा घेतला: शाळापूर्व वयाच्या कृष्णवर्णीय मुलांना ‘मी कोण’ याचं भान कसं येतं. नवरा केनेथ क्लार्क हाही मानसशास्त्रज्ञ. प्रसिद्धी पुढे त्याला जास्त मिळाली, पण मुळातलं काम मेमी यांचं. पीएच.डी.साठी कोलंबियात त्यांनी मार्गदर्शक निवडला तो हेन्री गॅरेट, वंशभेदाचा उघड समर्थक! (मार्गदर्शकांबद्दल तक्रार करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, जरा दम धरा.) काही वर्षांनी व्हर्जिनियातल्या शाळांच्या खटल्यात हाच गॅरेट विभक्त शाळांच्या बाजूने साक्षीला उभा राहिला, आणि त्याचं म्हणणं खोडायला मेमी उभ्या राहिल्या.

आता प्रयोगाकडे येऊ. चार बाहुल्या. दोन गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. दोन तपकिरी, काळ्या केसांच्या. बाकी साच्यातून काढल्यासारख्या एकसारख्या. तीन ते सात वर्षांची २५३ कृष्णवर्णीय मुलं. त्यांतली १३४ दक्षिणेतल्या आर्कान्सामधल्या विभक्त शाळांतली आणि ११९ उत्तरेतल्या स्प्रिंगफील्डची, मिश्र शाळांतली. एकेका मुलाला आठ गोष्टी सांगायच्या. तुला जिच्याशी खेळायला आवडेल ती बाहुली दे. छान आहे ती दे. वाईट दिसते ती दे. छान रंगाची दे. मग गोऱ्या मुलासारखी दिसते ती, आणि त्यावेळी रूढ असलेल्या दोन शब्दांत, ‘कलर्ड’ मुलासारखी आणि ‘निग्रो’ मुलासारखी. सर्वांत शेवटी, आठवा: तुझ्यासारखी दिसते ती दे.

खेळायला ६७ टक्के मुलांनी गोरी बाहुली मागितली. ‘वाईट’ म्हणून ५९ टक्क्यांनी तपकिरी उचलली. आणि तीन वर्षांच्या मुलांपैकीसुद्धा तीन चतुर्थांशांहून जास्त जणांना गोऱ्या मुलासारखी बाहुली कोणती ते बरोबर माहीत होतं. द्यु बॉइस यांच्या कार्डाच्या कितीतरी आधीचं वय हे!

पण मला खरं थांबवलं ते प्रश्नांच्या क्रमाने. एम.एस्सी.ला असताना मी एक प्रश्नावली केली होती आणि क्रमाचा विचार न केल्यामुळे सगळी माहिती टाकून द्यावी लागली होती, तेव्हापासून माझी नजर आधी तिथेच जाते. क्लार्क दांपत्याने १९४७ च्या निबंधात क्रमामागचं कारण दिलंय. प्राथमिक चाचणीत असं दिसलं, की मुलाने आधी ‘ही माझ्यासारखी’ म्हणून तपकिरी बाहुली दाखवली, की मग आवडीच्या प्रश्नांनाही ते तिचीच बाजू घेतं. म्हणजे खरी आवड झाकली जाते. म्हणून आवडीचे प्रश्न आधी आणि ‘तुझ्यासारखी कोणती’ शेवटी.

पद्धत म्हणून हे अगदी चोख आहे, मीही असंच केलं असतं. आता त्या खुर्चीत बसलेल्या पाच वर्षांच्या मुलीच्या बाजूने बघा. ही वाईट दिसते असं ती आत्ताच स्वतःच्या तोंडाने म्हणालीय. आणि आता समोरचा माणूस विचारतोय, तुझ्यासारखी कोणती? स्प्रिंगफील्डची काही मुलं इथे रडायला लागली, काही खोलीतून पळून गेली. आर्कान्सामधल्या एका मुलाने हसत हसत तपकिरी बाहुलीकडे बोट दाखवलं आणि गोऱ्यांच्या तोंडची शिवी बाहुलीला आणि स्वतःलाही लावून दाखवली. केनेथ यांना हे हसणं रडण्याइतकंच लागलं. आम्ही हे निष्कर्ष काही वर्षं तसेच दाबून बसलो होतो, असं त्यांनी नंतर कबूल केलंय.

आकडे सरळ वाचू नका, बरं का. एकूण ३३ टक्के मुलांनी ‘माझ्यासारखी’ म्हणून गोरी बाहुली दिली, हे वाक्य सगळीकडे दिसेल. पण त्यांत उजळ वर्णाच्या मुलांचं प्रमाण ८० टक्के होतं आणि गडद वर्णाच्या मुलांचं १९. उजळ मूल डोळ्यांना दिसलं ते सांगत होतं, असंही म्हणता येईल. दुसरी अडचण जास्त अवघड. तपकिरी बाहुलीला वाईट म्हणणारी मुलं मिश्र शाळांच्या उत्तरेत ७१ टक्के होती आणि विभक्त शाळांच्या दक्षिणेत ४९! विभक्त शाळांनी मुलांचं नुकसान होतं, हे न्यायालयात मांडायचं होतं, आणि आकडे भलतीकडे बोट दाखवत होते. क्लार्क यांचं स्पष्टीकरण असं, की दक्षिणेतल्या मुलांनी ते मुकाट स्वीकारलंय, उत्तरेतलं रडणं त्यापेक्षा निरोगी. मला ते पटतं, पण माझ्या मते ते या आकड्यांतून सिद्ध होत नाही.

१९५१ मध्ये केनेथ त्याच बाहुल्या घेऊन साउथ कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन परगण्यात गेले. तिथली मुलं फक्त १६, त्यांतल्या ११ जणांनी तपकिरी बाहुली वाईट म्हटली. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन’ खटल्यात विभक्त सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या आणि निकालाच्या ११ व्या तळटीपेत पहिलंच नाव क्लार्क यांचं आलं. तोवर मेमी यांना हार्लेममध्ये मुलांसाठीचं नॉर्थसाइड केंद्र सुरू करून आठ वर्षं झाली होती. पुढे १९७९ पर्यंत त्या तिथेच राहिल्या.

त्या २५३ मुलांची नावं निबंधात नाहीत, नसायलाच हवीत. स्प्रिंगफील्डच्या खोलीतून पळालेलं कुणी आज हयात असेल, तर नव्वदीच्या आसपास असेल. नातवंडांनी विचारलं, आजी, तुला कधी कळलं गं, तर तिच्याही उत्तरात एखादा दिवस असेल. मोठ्यांची एक खोली, चार बाहुल्या, आणि वहीत काहीतरी लिहून घेणारा, अगदी प्रेमळपणे बोलणारा एक माणूस.