रणांगणावरून घरी

इतिहासाची पुस्तके लढाया आणि तह नोंदवतात. परंतु तह झाल्यानंतर गणवेश उतरवून घरी निघालेल्या सैनिकाचे पुढे काय झाले, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. या बाबतीत अमेरिकेचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. त्या देशाने पंचवीस-तीस वर्षांच्या अवधीत आपल्या सैनिकांना एकदा वाऱ्यावर सोडले आणि एकदा सावरले.

पहिल्या महायुद्धानंतर घरी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकाच्या हाती साठ डॉलर आणि गाडीचे तिकीट, एवढेच पडले. पुढे १९२४ साली कायदा होऊन त्यांना भरपाईची प्रमाणपत्रे मिळाली. मात्र त्यांचे पैसे मिळायचे होते १९४५ साली! मध्यंतरी महामंदी आली आणि हातचे काम गेले. १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक, कित्येक तर बायकामुलांसह, वॉशिंग्टनला आले आणि नदीकाठी झोपड्या बांधून राहिले. सिनेटने त्यांची मागणी फेटाळली. २८ जुलै रोजी पोलिसांच्या गोळीबारात दोघा माजी सैनिकांना प्राणघातक जखमा झाल्या. त्याच दिवशी जनरल मॅकआर्थर यांच्या फौजेने अश्रुधूर सोडून त्यांना हुसकावले आणि त्यांच्या झोपड्या आगीत भस्मसात झाल्या.

ही लाजिरवाणी घटना देश विसरला नाही. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १ कोटी ६० लाख अमेरिकन सैन्यात होते. ते परतल्यावर पुन्हा तेच घडू नये म्हणून ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे हॅरी कोल्मेरी यांनी वॉशिंग्टनमधील एका हॉटेलात बसून, हॉटेलच्याच कागदांवर एका कायद्याचा मसुदा लिहिला. २२ जून १९४४ रोजी, म्हणजे युद्ध संपण्यापूर्वीच, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यावर स्वाक्षरी केली. हाच तो ‘जी. आय. बिल’. शिक्षणासाठी वर्षाला पाचशे डॉलरपर्यंत फी व वर निर्वाहभत्ता, घर किंवा धंद्यासाठीच्या कर्जाला सरकारची हमी, आणि काम मिळेपर्यंत आठवड्याला वीस डॉलर, अधिकाधिक बावन्न आठवडे, अशी त्याची रचना होती.

सैनिक आळशी होतील, विद्यापीठांचा दर्जा घसरेल, अशी भीती थोरामोठ्यांनी बोलून दाखवली. घडले उलटेच. बेकारभत्त्यासाठी राखलेल्या रकमेचा पाचवा हिस्सादेखील खर्च झाला नाही. ७८ लाख जणांनी शिक्षण वा प्रशिक्षण घेतले. त्यांपैकी २२ लाख महाविद्यालयांत गेले. उरलेल्यांनी इतर शाळांत, कारखान्यांत व शेतीत धडे गिरवले. १९४७ साली महाविद्यालयांत प्रवेश घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते.

तरीही या कथेला एक काळी किनार आहे. कायद्याच्या शब्दांत वर्णभेद नव्हता; पण अंमलबजावणी स्थानिक कचेऱ्यांच्या व बँकांच्या हाती होती. १९४७ साली मिसिसिपी राज्यातील तेरा शहरांच्या पाहणीत, हमी मिळालेल्या ३,२२९ कर्जांपैकी केवळ दोन कृष्णवर्णीयांना मिळाल्याचे आढळले. लढताना त्यांचे रक्त चालले. घराचे कर्ज मागताना मात्र त्यांचा वर्ण आड आला.

सैनिकाला परतल्यावर हारतुरे नको असतात असे नाही. पण हार दुसऱ्या दिवशी सुकतो. त्याला काम हवे असते, शिकण्याची संधी हवी असते आणि डोक्यावर छप्पर हवे असते. १९४४ च्या कायद्याने हे ओळखले, हे त्याचे मोठेपण. ते सर्वांपर्यंत समान पोहोचले नाही, हे त्याचे अपुरेपण. कृतज्ञता कायद्यात लिहिली म्हणजे काम संपत नाही. खिडकीपलीकडे बसलेल्या कारकुनाच्या हातूनही ती व्यक्त व्हावी लागते.