पुण्यातील संशोधन : परंपरा आणि पद्धती

पुणे शहर व परिसरात गेल्या सुमारे दोनशे वर्षांत वाढलेली उच्च संशोधनाची परंपरा. संस्कृत पोथ्यांची चिकित्सा, मोडी कागदांचे वाचन, उत्खनन, आर्थिक पाहण्या, पाऊस, विषाणू, उत्प्रेरके, नद्यांचे प्रवाह आणि आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी अशा वरवर परस्परसंबंध नसलेल्या विषयांच्या संस्था येथे शेजारीपाजारी नांदतात. ‘विद्येचे माहेरघर’ हे बिरुद शहराला प्रामुख्याने शाळा-कॉलेजांनी मिळवून दिले. प्रस्तुत नोंद अध्यापनाविषयी नसून नव्या ज्ञानाच्या शोधापुरती आहे.

अशा संस्था विज्ञान, अभियांत्रिकी आणि मानव्यविद्या या तीन कप्प्यांत घालण्याचा प्रघात आहे. कामाची रीत जवळून पाहिली की हे कप्पे फारसे टिकत नाहीत. पुरावा कोठून येतो, तो पुन्हा मिळवता येतो की नाही आणि चूक कशी पकडली जाते, या तीन प्रश्नांवर संशोधनाच्या जाती अधिक नेमक्या ठरतात. पुण्यात त्या बहुतेक सगळ्या आढळतात.

परंपरेची सुरुवात पेशव्यांचे राज्य गेल्यानंतरची आहे. पेशव्यांच्या दक्षिणेच्या निधीतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे तिच्यातूनच डेक्कन कॉलेज आकाराला आले. त्यानंतरचा मोठा टप्पा लोकवर्गणीचा आणि देणग्यांचा. महादेव चिमणाजी आपटे यांचा आनंदाश्रम, भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०), भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर (१९१७), गोखले अर्थशास्त्र संस्था (१९३०) आणि शं. पु. आघारकरांच्या पुढाकाराने निघालेली, आज त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी जीवशास्त्राची संस्था (१९४६) या टप्प्यातल्या. सरकारी प्रयोगशाळांची रांग मुख्यतः स्वातंत्र्यानंतर लागली. दोन्ही टप्प्यांच्या खुणा अजून दिसतात : पहिल्या गटाला पैशांची चणचण, दुसऱ्याला कागदी कारभाराचा जाच.

भांडारकर संस्थेतील महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे या परंपरेतील सर्वांत मोठे काम. ते १९१९ मध्ये हाती घेतले गेले आणि १९६६ मध्ये १९ खंडांनी पूर्ण झाले. त्यासाठी शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतील बाराशेहून अधिक हस्तलिखिते पाहिली गेली. श्लोकाचे प्रत्येक अक्षर चौकटीत मांडून निरनिराळ्या पोथ्यांतील पाठ त्याखाली उतरवले जात. पुण्याखेरीज शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही ही जुळवणी चाले. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेले विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले आणि नंतर बर्लिनमध्ये संस्कृत भाषाशास्त्राकडे वळले. त्यांच्या संपादनावर गणिताच्या शिस्तीची छाप स्पष्ट दिसते. मूळ तत्त्व सोपे आहे. एकमेकींची नक्कल नसलेल्या, दूरच्या प्रदेशांतील पोथ्या जिथे एकच पाठ देतात तिथे तो जुना मानायचा. जिथे त्या फुटतात तिथे फाटा का फुटला हे शोधायचे. निर्णय डळमळीत असेल तर त्या शब्दाखाली नागमोडी रेघ द्यायची. आपल्या निष्कर्षावर आपला किती विश्वास आहे हे छापून सांगण्याची ही पद्धत प्रयोगशाळेतल्या त्रुटिमर्यादेच्या जातीची आहे.

या चाळणीतून लोकप्रिय प्रसंगही सुटले नाहीत. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे ही सर्वांना ठाऊक असलेली कथा मूळ संहितेत न राहता परिशिष्टात गेली. सभापर्वाचे संपादन फ्रँक्लिन एजर्टन या अमेरिकन पंडिताने केले. त्यात द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचा भाग संहितेबाहेर ठेवला आहे. श्रद्धेला धक्का देण्याचा हेतू यात नव्हता, पोथ्यांचा कौल तसा होता. मानव्यविद्यांचे संशोधन समाजाच्या किती जवळून जाते याचा कटू अनुभव मात्र संस्थेला पुढे वेगळ्याच निमित्ताने आला. एका परदेशी अभ्यासकाने शिवाजी महाराजांवर लिहिलेल्या पुस्तकावरून वाद पेटला आणि ५ जानेवारी २००४ रोजी संस्थेची मोडतोड झाली.

डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे तेव्हापासून तेथे होते. घोड नदीकाठच्या इनामगाव येथे १९६८ नंतर अनेक हंगाम चाललेल्या संस्थेच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातील, इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या अवधीतील एक अख्खी वसाहत उलगडली : घरे, धान्य, जनावरांची हाडे, घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन कुंभांत पुरलेली लहान मुले. उत्खनन हा एकदाच करता येणारा प्रयोग आहे. खणलेला थर परत बसवता येत नाही. म्हणून इथे चूक पकडण्याचे साधन एकच, खणताना केलेली बारीकसारीक नोंद. इरावतीबाईंचा प्रवास या विद्याशाखांच्या सीमारेषांना न जुमानणारा होता. बर्लिनमध्ये त्यांनी कवट्यांच्या असममितीवर प्रबंध लिहिला, महाराष्ट्रात जातींची शारीरिक मोजमापे आणि नातेसंबंधांचा अभ्यास केला आणि ‘युगान्त’ लिहिताना भांडारकरच्या संहितेचा आधार घेतला. मराठी वाचक त्यांना याच पुस्तकामुळे ओळखतो, मानवशास्त्रज्ञ म्हणून क्वचितच.

भारत इतिहास संशोधक मंडळाचे संस्थापक वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळवली व ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने २२ खंड काढले. अस्सल पत्राशिवाय इतिहास नाही, हा त्यांचा हेका. या हेक्याने बखरींचा दबदबा कमी केला हे खरे; पण ज्यांनी पत्रे लिहिलीच नाहीत अशा माणसांचा इतिहास त्यामुळे बराच काळ मागे राहिला, हेही नोंदवले पाहिजे. ती उणीव अंशतः गोखले संस्थेने भरून काढली. धनंजयराव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाई तालुक्यातील शेतीच्या आणि पुणे शहरातील कुटुंबांच्या पाहण्या केल्या. दारोदार जाऊन, ठरलेले प्रश्न विचारून गोळा केलेली ही माहिती होती. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास (१९७१) याच परंपरेतला. दारिद्र्यरेषेवरच्या पुढील वादांत त्याचा संदर्भ टळत नाही.

अभियांत्रिकी संशोधनाचे पुण्यातील सर्वांत जुने मोठे केंद्र खडकवासल्याला आहे. मुंबई इलाख्याच्या पाटबंधाऱ्यांसाठी १९१६ मध्ये सुरू झालेल्या कामातून केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा उभी राहिली. क्लॉड इंग्लिस यांनी तिला नद्यांच्या अभ्यासाची दिशा दिली. धरण, बंदर किंवा नदीचे वळण यांची लहान प्रतिकृती बांधून तीत पाणी सोडायचे आणि मोजायचे, ही इथली मुख्य पद्धत. यात काळही आक्रसतो. लांबी शंभरपट कमी केली तर वेळ दहापट कमी होतो. समुद्राची साडेबारा तासांची भरती-ओहोटी अशा प्रतिकृतीत सव्वा तासात उरकते. अडचण वाळूची. वाळूचा कण शंभरपट लहान केला तर ती वाळू राहतच नाही, चिखलासारखी वागू लागते. म्हणून गाळाच्या अभ्यासात कोळशाच्या भुकटीसारखे हलके पदार्थ वापरावे लागतात आणि निष्कर्ष काढताना अनुभवाचा हात लागतो. अभियांत्रिकी म्हणजे भौतिकीचे नुसते उपयोजन, असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. संस्थेच्या दारातले खडकवासला धरण १२ जुलै १९६१ रोजी पानशेतपाठोपाठ फुटले, तेव्हा प्रवाहाचे गणित शहराने प्रतिकृतीबाहेर अनुभवले.

हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. त्या इमारतीला आणि चौकाला लोक अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. १९६२ पासून उष्णकटिबंधीय हवामानाची स्वतंत्र संशोधन संस्थाही येथे आहे. पाऊस प्रयोगशाळेत पाडता येत नाही, त्यामुळे तिचा भर जुन्या नोंदी आणि संगणकी प्रतिमानांवर. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने निघालेल्या विषाणू संशोधन केंद्राने १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात माकडे मारणाऱ्या आणि माणसांनाही होणाऱ्या रोगाचा विषाणू शोधला. तेच आजचे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थान. २०२० मध्ये करोनाचा विषाणू येथे वेगळा करण्यात आला आणि कोव्हॅक्सिन लस त्यावरून बनली.

जानेवारी १९५० मध्ये उघडलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पेट्रोरसायन उद्योगाच्या उत्प्रेरकांसाठी नावाजली. तिचा सर्वांत विलक्षण निष्कर्ष मात्र वनस्पतिशास्त्रातला आहे. एरवी कित्येक दशकांतून एकदाच फुलणारा बांबू ऊतिसंवर्धनाने परीक्षानळीत काही महिन्यांत फुलवण्याचे काम १९९० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. तिची कल्पना आणि उभारणी गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांची. उटीची दुर्बीण त्यांनी आधीच बांधली होती. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांपैकी चौदा मध्यभागी दाटीने आणि सोळा तीन दिशांना गेलेल्या भुजांवर आहेत. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांत सुमारे २५ किलोमीटरचे अंतर आहे. मीटरभर लांबीच्या लहरींना घट्ट पत्रा लागत नाही, पोलादी तारांची जाळीही परावर्तनाला पुरते. जाळीतून वारा निघून जातो, सांगाडा हलका राहतो आणि खर्च आटोक्यात येतो. ही युक्ती साहेबाकडून आलेली नाही. पैसे कमी होते म्हणून सुचलेली आहे. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीकडे आकाशाची अपुरी माहिती असते आणि सगळ्यांची साक्ष ताडून चित्र उभे राहते. सुकथनकरांच्या पोथ्यांचे काम याहून फार वेगळे नव्हते : मूळ गोष्ट कुणाकडेच पूर्ण नाही, पण स्वतंत्र साक्षीदार पुरेसे आहेत. २०२३ मध्ये स्पंदकांच्या नियमिततेवरून अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा जाहीर करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटांत खोडदच्या निरीक्षणांचा वाटा होता. आयुका ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था (१९८८) आणि जयंत नारळीकर यांच्यामुळे खगोलशास्त्र पुण्यात घरोघरी पोहोचले. याच सुमारास स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सादर केला.

इतक्या शाखा एका शहरात असूनही त्यांच्यातली ये-जा कमी आहे, आणि ती बहुधा व्यक्तींच्या पायांनी झाली आहे. सर्वांत मोठे उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–६६) यांचे. गोव्यात जन्मलेले, हार्वर्डला शिकलेले कोसंबी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. प्राचीन आहत नाणी त्यांनी स्वतः तराजूत टाकून तोलली : नाणे हातोहात फिरते तसे झिजते, म्हणून ढिगाऱ्यातील नाण्यांच्या सरासरी वजनावरून आणि विखुरणीवरून त्यांचा क्रम लावता येतो. १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांची अंतरे मोजण्याचे सूत्र दिले. पीकसुधारणेतले संशोधक ते आजही वापरतात, आणि त्यांपैकी अनेकांना हा गृहस्थ भारताच्या इतिहासाचा भाष्यकार होता हे माहीत नसते. भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखिते तपासून त्यांनी १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना ते डेक्कन क्वीनने ये-जा करत आणि सुट्टीत मावळच्या डोंगरवाटांनी सूक्ष्माश्म, लेणी व ग्रामदेवतांची ठाणी यांचा मेळ घालत हिंडत. त्यांच्या इतिहासविषयक काही निष्कर्षांना पुढील अभ्यासकांनी धक्का दिला आहे, पद्धतीला नाही. एका विषयातली चूक दुसऱ्या विषयातल्या पुराव्याने पकडायची, हे त्यांच्याइतक्या सातत्याने पुण्यात दुसऱ्या कोणी केलेले नाही. अलीकडे असा संयोग घडला तो संघकार्यातून. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि जनुकशास्त्रज्ञांनी राखीगढीच्या एका हडप्पाकालीन सांगाड्यातील डीएनएवरचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या अर्थाविषयी वाद सुरू आहे.

या कामांना लागणारा वेळ सारखा नसतो. विषाणू काही आठवड्यांत वेगळा होतो. महाभारताला ४७ वर्षे आणि एकामागून एक तीन प्रमुख संपादक लागले : सुकथनकर, श्री. कृ. बेलवलकर आणि प. ल. वैद्य. अनुदाने ठरावीक मुदतीने आणि प्रगती-अहवालांवर देण्याची आजची व्यवस्था पहिल्या प्रकाराला मानवते, दुसऱ्याला मारते. डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ मध्ये सुरू झालेला संस्कृतचा ऐतिहासिक शब्दकोश हे त्याचे चालते उदाहरण आहे. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्दांच्या चिठ्ठ्या काढण्यातच पहिली काही दशके गेली, पहिला भाग १९७६ मध्ये छापला गेला, आणि त्यानंतर तीसहून अधिक खंड निघूनही कोश अजून ‘अ’ या पहिल्याच अक्षरात आहे.