मागच्या आसाचे स्थलांतर

कल्याण-शीळ रस्त्यावरच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात नऊ वर्षांच्या अंतराने दोन अगदी वेगळ्या मोटारी बनू लागल्या. १९८५ मधली ११८ एनई आणि १९९४ मधली प्युजो ३०९. त्यांतला फरक गाडीखाली वाकून पाहिले की कळतो.

११८ एनईचे इंजिन पुढे, पण त्याची शक्ती मागच्या चाकांना मिळे. कुर्ल्याच्या पद्मिनीचेही तसेच. म्हणून दोघींच्या मागच्या आसाच्या मध्यावर डिफरन्शियलचा फुगीर गोळा असे. वळताना बाहेरचे चाक जास्त अंतर कापते. दोन चाकांत सव्वा मीटर अंतर धरले, तर काटकोनात वळताना हा फरक जवळजवळ दोन मीटर भरतो, मग वळण लहान असो वा मोठे. (हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. उत्तरातून त्रिज्या नाहीशी होते याचे मुलांना नवल वाटते.) यावर उपाय म्हणून दंतचक्रांची रचना ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी केली.

३०९ मध्ये शक्ती पुढच्याच चाकांना जाते. मागच्या आसाकडे उरले ते भार पेलणे. एक आडवी नळी, तिच्या टोकांशी वर-खाली झुलणारे दोन बाहू आणि पाट्यांच्या जागी पीळ खाणारे पोलादी दांडे. दंतचक्रे गेली, झीज मात्र गेली नाही, तिने फक्त जागा बदलली. बाहूंचे आस नळीच्या आत सुईसारख्या बारीक रोलरांच्या बेअरिंगवर टेकतात. ते पूर्ण फिरत नाहीत, काही अंशांतच झुलतात. त्यामुळे भार त्याच त्या रेघांवर पडत राहतो. सील गेले की आपल्याकडच्या पावसाळ्यात पाणी शिरते, गंज चढतो, आसावर चर पडतात. मग चाकांचे माथे आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतात.

अशा वेळी अख्खी जुळणी बदलणे घरीही जमते, कारण पीळदांडे आणि शॉक ॲब्सॉर्बर तिच्याबरोबरच खाली येतात. पुढच्या चाकांना अटकाव हवा आणि गाडी भक्कम स्टँडवर हवी; नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. शेवटी ब्रेकच्या नळ्या जोडून त्यांतली हवा काढावी लागते.

खरी अडचण सुट्या भागांची. प्युजोने १९९७ मध्ये इथून अंग काढून घेतले आणि मालकांना लेथवाल्यांचा आधार उरला. साध्या पोलादाचा आस कातून मिळतो, तो बसतोही अचूक. पण पृष्ठभाग कठीण करून घासलेला नसेल, तर आम्ही तो बसवणार नाही. कठीण सुया मऊ पोलादात पुन्हा तेच चर पाडतात.