सावकाश चला, वेळेवर पोहोचा

आषाढीच्या वारीत दिंडी चालताना आपण पाहिली असेल. पुढचा वारकरी क्षणभर थबकला, की मागचा थांबतो. त्याच्या मागचा जरा जास्तच थांबतो. पार शेवटी असलेला माणूस विचारतो, “काय हो, पुढं काय झालं?” झालेले काहीच नसते! मोटारींच्या रस्त्यावरही असेच घडते. मात्र तिथे धक्का बसला, तर माणूस जिवाला मुकतो.

इंग्लंडात पहिला मोटरवे ५ डिसेंबर १९५८ रोजी प्रेस्टन गावाजवळ खुला झाला. लांबी अवघी आठ मैल, आणि वेगाला मर्यादा नाही. ज्याची गाडी जेवढी धावेल, तेवढी त्याने धाववावी! पुढे १९६५ च्या हिवाळ्यात धुक्यात गाड्यांवर गाड्या आदळल्या. तेव्हा त्याच डिसेंबरात सरकारने ताशी ७० मैलांची मर्यादा घातली आणि १९६७ साली ती कायम केली.

पण मध्यरात्रीच्या मोकळ्या रस्त्यालाही ७०, अन् सकाळच्या गर्दीलाही ७०, हे कसे चालावे? लंडनभोवतीचा ११७ मैलांचा एम-२५ हा रस्ता १९८६ साली पूर्ण झाला आणि थोड्याच वर्षांत कोंडीसाठी बदनाम झाला. म्हणून १९९५ साली त्याच्या पश्चिम भागात, हीथ्रो विमानतळाच्या बाजूला, एक नवी युक्ती योजली. रस्त्यात पुरलेली तारांची वेटोळी गाड्या मोजतात. गर्दी वाढू लागली, की वरच्या कमानींवर लाल वर्तुळात ६०, आणखी वाढली तर ५० असा आकडा उजळतो. तो नुसता सल्ला नव्हे, कायदा आहे. मोडणाऱ्याचे छायाचित्र कॅमेरा टिपतो.

आमचा एक विद्यार्थी म्हणाला, “सर, वेग कमी केल्यावर उशीरच होणार की!” प्रश्न रास्त आहे. पण गर्दीत सत्तरने धावणारा गचकन ब्रेक दाबतो, मागचा त्याहून जोरात दाबतो, आणि बघता बघता मागची रांग उभी राहते. सगळेच पन्नासने चालले, तर ब्रेक कमी लागतात, रांग वाहती राहते.

या युक्तीने जादू झाली, असे मात्र नाही. रस्त्याला पेलवणार नाहीत इतक्या गाड्या आल्या, तर कोणताही आकडा कोंडी फोडू शकत नाही. वेळही फार वाचला नाही. पण अपघात कमी झाले, थांबत-धावत जाणे कमी झाले, आणि किती वाजता पोहोचू याचा भरवसा वाढला.

आठ मैलांच्या मोकाट रस्त्यापासून या लाल वर्तुळापर्यंत यायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. एकट्याची घाई सर्वांचा खोळंबा करते, हे दिंडीतल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. यंत्रावर बसलेल्या माणसाला मात्र ते कायद्याने शिकवावे लागले.