डेटाबेस ड्रायव्हर : पॅकेजिंग आणि इन्स्टॉलेशन

डेटाबेस ड्रायव्हर हा प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामध्ये बसणारा सॉफ्टवेअरचा भाग. प्रोग्रामने दिलेली एसक्यूएल विधाने त्या डेटाबेसला समजतील अशा रूपात तो पुढे पाठवतो आणि आलेले उत्तर प्रोग्रामच्या भाषेतील संख्या, मजकूर व तारखांमध्ये परत देतो. ड्रायव्हर कसा लिहितात यापेक्षा तो डेव्हलपरच्या हाती कोणत्या रूपात येतो आणि संगणकावर कसा बसतो, हा या नोंदीचा विषय आहे. उदाहरणे मुख्यतः पुण्याजवळच्या निगडी, तळवडे, भोसरी आणि चाकण या पट्ट्यातील आहेत. येथे एकच ड्रायव्हर तीन वेगळ्या परिस्थितींत भेटतो : महाविद्यालयाच्या लॅबमध्ये, सॉफ्टवेअर कंपनीत आणि कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर.

मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये ओडीबीसी हा सामायिक करार आणला, त्यापूर्वी प्रत्येक डेटाबेससाठी वेगळी लायब्ररी वापरावी लागे आणि डेटाबेस बदलला की प्रोग्रामचा मोठा भाग पुन्हा लिहावा लागे. ओडीबीसीने मध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ बसवला. प्रोग्राम फक्त या मॅनेजरला ओळखतो आणि मॅनेजर योग्य तो ड्रायव्हर शोधून उघडतो. जावासाठी सन मायक्रोसिस्टिम्सने जेडीबीसी आणले व १९९७ च्या जेडीके १.१ मध्ये ते समाविष्ट झाले. पायथनमध्ये हेच काम डीबी-एपीआय या सामायिक करारावर चालते. या करारांमुळे प्रोग्राम लिहिणे सोपे झाले, पण ‘योग्य तो ड्रायव्हर शोधणे’ ही जबाबदारी इन्स्टॉलेशनवर येऊन पडली. कनेक्शन न लागण्याच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ इथेच असते.

पहिली परिस्थिती महाविद्यालयाच्या लॅबची. निगडी प्राधिकरणाच्या सेक्टर २६ मधले, १९९९ साली सुरू झालेले पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग हे तिचे जवळचे उदाहरण. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात संगणक अभियांत्रिकीच्या तृतीय वर्षाला डेटाबेस लॅबमध्ये मायएसक्यूएल किंवा ओरॅकलशी कनेक्टिव्हिटी करून नोंदी घालणे, बदलणे व काढणे असे प्रॅक्टिकल दिलेले आहे. मोंगोडीबीसाठीही तसेच एक आहे. पुणे जिल्ह्यातील हजारो विद्यार्थ्यांची ड्रायव्हरशी पहिली ओळख या प्रॅक्टिकलमध्ये होते आणि ती बहुधा ‘नो सुटेबल ड्रायव्हर फाउंड’ या संदेशाने होते. याचा अर्थ असा, की कनेक्टरची जार फाइल प्रोग्रामच्या क्लासपाथवर नाही किंवा कनेक्शनचा पत्ता चुकीचा लिहिला आहे. जेडीबीसी ४.० पासून, म्हणजे जावा ६ पासून, जार क्लासपाथवर असली की ड्रायव्हर आपोआप नोंदला जातो. ‘क्लास डॉट फॉरनेम’ची ओळ लिहिण्याची गरज उरलेली नाही. तरी जुन्या जर्नलांतून ती ओळ पुढच्या बॅचकडे जात राहते. मायएसक्यूएलच्या कनेक्टरने ८.० आवृत्तीत आपल्या मुख्य क्लासचे नाव बदलले, तेव्हापासून जुनी ओळ निदान इशारा तरी दाखवते.

लॅबमध्ये जार हाताने जोडणे शिकवले जाते. ते शिकायलाच हवे, कारण क्लासपाथ म्हणजे काय हे त्याशिवाय कळत नाही. मात्र त्याच प्रॅक्टिकलमध्ये मेव्हनसारखे साधनही शिकवले जावे, असे या विषयात काम करणाऱ्याला प्रकर्षाने वाटते. मेव्हनच्या फाइलमध्ये ड्रायव्हरचे नाव आणि आवृत्ती लिहिलेली असते, त्यामुळे दुसऱ्या संगणकावर नेमका तोच ड्रायव्हर येतो. पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या जारची आवृत्ती कोणालाच ठाऊक नसते. ओरॅकलचा ड्रायव्हर परवान्याच्या अटींमुळे अनेक वर्षे मेव्हनच्या मुख्य भांडारात नव्हता. कंपन्यांना तो संकेतस्थळावरून उतरवून स्वतःच्या भांडारात ठेवावा लागे. सप्टेंबर २०१९ मध्ये ओरॅकलने तो तेथे खुला केला आणि ही कटकट संपली.

शुद्ध जावात लिहिलेला ड्रायव्हर एका जारमध्ये मावतो. सी भाषेतील लायब्ररीवर उभा असलेला ड्रायव्हर तसा मावत नाही. पायथनचा पोस्टग्रेससाठीचा सायकोपीजी२ हे याचे ठळक उदाहरण. साधे ‘पिप इन्स्टॉल’ केले की लिनक्सवर तो तिथेच कंपाइल होऊ लागतो. त्यासाठी सी कंपायलर, पायथनच्या हेडर फाइल आणि पोस्टग्रेसची लिबपीक्यू ही लायब्ररी लागते. यांतले काही नसेल तर कंपाइल अडते; लिबपीक्यूच्या डेव्हलपमेंट फाइल नसतील तर ‘पीजी-कॉन्फिग सापडले नाही’ अशी तक्रार येते. म्हणून ‘बायनरी’ नावाचे, आधीच कंपाइल केलेले वेगळे पॅकेज उपलब्ध आहे. शिकण्यासाठी ते उत्तम, पण त्यात लायब्ररीच्या प्रती आतच बांधलेल्या असतात आणि ऑपरेटिंग सिस्टिमचे सुरक्षा अपडेट त्यांना लागू होत नाहीत. म्हणून प्रत्यक्ष सेवेसाठी स्रोतापासून बांधलेले पॅकेज वापरावे, असे त्याचे निर्मातेच सांगतात. ओरॅकलच्या बाबतीत हा प्रश्न २०२२ मध्ये बराच सुटला. पायथन-ओरॅकलडीबी या नव्या ड्रायव्हरच्या ‘थिन’ पद्धतीला ओरॅकल क्लायंट लागतच नाही. त्याआधी क्लायंट लायब्ररी सापडत नसल्याचा डीपीआय-१०४७ हा दोष कित्येकांनी रात्री जागून सोडवला आहे.

विंडोजवरील ओडीबीसी हा या पट्ट्यात बराच वापरला जाणारा आणि बराच त्रास देणारा प्रकार. कारण येथे फक्त सॉफ्टवेअर कंपन्या नाहीत. भोसरीतील छोट्या वर्कशॉपमध्ये हिशेब टॅलीत असतात आणि मालकाला ते एक्सेलमध्ये हवे असतात. टॅली स्वतःच ओडीबीसी सर्व्हर म्हणून चालते. तिचे नेहमीचे पोर्ट ९०००. टॅली चालू असेल आणि तिचे बिट (३२ की ६४) एक्सेलच्या बिटांशी जुळत असतील, तरच माहिती येते. चाकणच्या मोठ्या कारखान्यांत व त्यांच्या पुरवठादारांकडे उत्पादनाच्या नोंदी, टॉर्कची मोजमापे, बारकोड वगैरे एसक्यूएल सर्व्हरसारख्या डेटाबेसमध्ये जातात आणि लाइनवरचा संगणक पुष्कळदा जुना असतो.

बिटांचा गोंधळ समजून घेण्यासारखा आहे. ३२-बिट प्रोग्राम ३२-बिट ड्रायव्हरच उघडू शकतो आणि ६४-बिट प्रोग्राम ६४-बिटच. ६४-बिट विंडोजमध्ये ड्रायव्हरची नोंद ठेवणारी दोन वेगळी दालने आहेत व ती दाखवणारे दोन वेगळे प्रशासक प्रोग्राम आहेत. दोन्हींच्या फाइलचे नाव एकच, ‘ओडीबीसीएडी३२’. त्यांपैकी ‘सिस्टिम३२’ या फोल्डरमधला ६४-बिट आहे आणि ‘सिसवॉव६४’मधला ३२-बिट. नावे नेमकी उलटी वाटतात, म्हणून अनुभवी माणूसही चुकीच्या खिडकीत डेटा सोर्स बनवतो आणि प्रोग्राम मात्र ‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड’ सांगत राहतो. दोष आयएम००२ दिसला, की पासवर्ड किंवा नेटवर्क तपासण्याआधी प्रोग्राम किती बिटांचा आहे ते पाहावे.

शॉप फ्लोअरवरील संगणक बहुधा इंटरनेटला जोडलेला नसतो. इन्स्टॉलर वाटेत काही डाउनलोड करणार असेल, तर तो तिथे निकामी ठरतो. मायएसक्यूएलच्या ओडीबीसी ड्रायव्हरला व्हिज्युअल सी++ रनटाइम लागतो; तो नसेल तर ड्रायव्हर यादीत दिसतो पण उघडताना दोष १२६ देतो, आणि हा दोष ड्रायव्हरच्याच फाइलकडे बोट दाखवतो, हरवलेल्या रनटाइमकडे नाही. यासाठी ड्रायव्हर, रनटाइम आणि डेटा सोर्सची नोंद यांचा एकच संच बांधून तो न विचारता चालणाऱ्या पद्धतीने बसवावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर ओडीबीसी ड्रायव्हरचा एमएसआय संच असा चालतो, मात्र परवाना मान्य असल्याचे आदेशाच्या ओळीतच लिहावे लागते. लिनक्सवरही याच ड्रायव्हरच्या पॅकेजला ‘ॲक्सेप्ट यूला’ हे चल ठरवून दिल्याशिवाय स्वयंचलित इन्स्टॉलेशन पुढे जात नाही. अनेक बिल्ड सर्व्हर याच पायरीवर अडकतात.

पोस्टग्रेसच्या विंडोज इन्स्टॉलरचे काम एंटरप्राइझडीबी ही कंपनी करते, तिचे एक अभियांत्रिकी कार्यालय पुण्यात आहे. त्या इन्स्टॉलरसोबत येणाऱ्या स्टॅक बिल्डरमधून ओडीबीसी, जेडीबीसी आणि डॉट नेटचे ड्रायव्हर निवडून घेता येतात. नवशिक्यासाठी हा सर्वांत सरळ रस्ता आहे, पण त्यालाही इंटरनेट लागते.

ड्रायव्हर नीट बसला तरी काम संपत नाही, कारण सर्व्हर पुढे जात असतो. मायएसक्यूएल ८.० ने पासवर्ड पडताळणीची नवी पद्धत डीफॉल्ट केली, पोस्टग्रेसने २०२१ च्या १४ व्या आवृत्तीत स्क्रॅम पद्धत डीफॉल्ट केली, आणि जुने ड्रायव्हर दोन्हीकडे बाहेर राहिले. एसक्यूएल सर्व्हरच्या ओडीबीसी ड्रायव्हरची १८ वी आवृत्ती २०२२ मध्ये आली. तिच्यात एन्क्रिप्शन आधीच चालू असते, त्यामुळे स्वतःच सही केलेले प्रमाणपत्र असलेले कारखान्यातले सर्व्हर तिच्या लेखी अविश्वासू ठरले. असे झाल्यावर ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’ चालू करून मोकळे होण्याची घाई सर्वत्र दिसते. तो तात्पुरता उपाय आहे. त्याने पडताळणीच बंद होते. योग्य उपाय म्हणजे कंपनीचे मूळ प्रमाणपत्र प्रत्येक संगणकावर, ड्रायव्हरच्याच संचासोबत, बसवणे.

ॲप्लिकेशनमध्येच बांधलेला ड्रायव्हर नंतर विसरला जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पोस्टग्रेसच्या जेडीबीसी ड्रायव्हरमध्ये, विशिष्ट क्वेरी-पद्धत वापरल्यास एसक्यूएल इंजेक्शन होऊ शकेल अशी त्रुटी उघड झाली आणि ४२.७.२ या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. ज्यांनी सगळ्या जार एकत्र करून एकच मोठी जार बनवली होती, त्यांना ती पुन्हा बांधून पुन्हा वाटावी लागली; आपल्या जारमध्ये कोणती आवृत्ती आहे हे माहीत असणाऱ्यांनाच ते लगेच जमले. भारताच्या सर्ट-इन या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधील घटकांची यादी ठेवण्याबाबत तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या सरकारी व अत्यावश्यक सेवांबरोबर सॉफ्टवेअर निर्यात करणाऱ्या कंपन्यांनाही उद्देशून आहेत, त्यामुळे तळवडे आणि हिंजवडीतील सॉफ्टवेअर कंपन्यांच्या प्रकल्पांत ड्रायव्हरचे नाव, आवृत्ती व परवाना या यादीत लिहिणे आता इन्स्टॉलेशनच्या कामातच धरावे लागते.